एक-शून्य-एक

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे १-०-१ असं लिहिलेलं असतं. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. इतकी सुटसुटीत लिपी दुसरी नसेल. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीलाही ती वाचता येते, आणि औषधाच्या दुकानातला पोरगाही पाकिटावर तेच तीन आकडे उतरवून देतो. माझं या लिपीशी भांडण नाही. ताप-खोकल्याच्या गोळ्यांना ती छान पुरते. पण अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्यामुळे छातीत दुखतं त्या दुखण्याच्या औषधांना ती पुरत नाही. जिथे ती पुरत नाही तिथे कुणीतरी पेशंटजवळ खुर्ची ओढून बसायला हवं आणि बोलायला हवं. ते कुणीतरी म्हणजे नर्स, असं माझं मत आहे. आणि आपण हे काम तिच्याकडून मागत नाही, तिला त्यासाठी वेळ देत नाही, म्हणून माणसं महागाची औषधं घेऊनही फुकट त्रास काढतात, हे त्या मताचं शेपूट.

हे मत दीपनगरला राहिल्यामुळे जास्त पक्कं झालं असावं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : भुसावळहून वरणगावकडे निघालं की फेकरीजवळ ज्या उंच चिमण्या दिसतात ते आमचं औष्णिक वीज केंद्र, आणि त्याच्या शेजारची वसाहत म्हणजे दीपनगर. वीज रात्री झोपत नाही, म्हणून इथली माणसंही तीन पाळ्यांत वाटलेली. या आठवड्यात पहिली, मग दुसरी, मग तिसरी. तिसऱ्या पाळीचा माणूस उजाडता घरी येतो, चहा-नाश्ता करतो, पडदे ओढून झोपतो आणि दुपार कलली की उठतो. आता मला सांगा, या माणसाची 'सकाळ' कोणती? १-०-१ मधला पहिला एक त्याने झोपायच्या आधी घ्यायचा की उठल्यावर?

बऱ्याच गोळ्यांना याने फारसा फरक पडत नाही. अंजायनाच्या एका जातीच्या गोळ्यांना मात्र चांगलाच पडतो. त्याकडे येतोच, पण आधी दुखण्याबद्दल दोन शब्द.

आमच्या खानदेशात छातीतल्या दुखण्याचं पहिलं नाव 'गॅस' हे आहे. त्यात आमचाही दोष नाही. थंडी पडली की शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात. तुराट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. एरवी शेवभाजी आणि वरण-बट्टी आहेच. असं जेवून माणूस गार वाऱ्यात चालायला निघाला आणि छातीत आवळल्यासारखं झालं, तर तो काय म्हणणार? "मले काही नही झालं रे भो, गॅस हाय." मग सोडा पितात, पाठ चोळून घेतात. गंमत अशी की भरपेट जेवण, गार हवा, चढ चढणं आणि डोक्यात गेलेला राग, ही अंजायना उठवणारी ठरलेलीच कारणं आहेत. हृदयाला जास्त काम पडतं, अरुंद झालेल्या धमन्या तेवढं रक्त पुरवू शकत नाहीत आणि छाती कुरकुरते. थांबलं, बसलं की काही मिनिटांत बरं वाटतं. बरं वाटतं म्हणून 'गॅस गेला' यावर शिक्कामोर्तब होतं. विल्यम हेबर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७६८ साली या दुखण्याचं वर्णन वाचून दाखवलं, तेव्हा त्यानेही हेच टिपलं होतं : चालताना धरतं, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, आणि उभं राहिलं की जातं. अडीचशे वर्षांत दुखणं बदललेलं नाही. बायकांना आणि मधुमेहवाल्यांना तर छातीत न दुखता नुसता दम लागतो, जबडा दुखतो, घाम येतो. त्यांचं निदान आणखी उशिरा.

असो. एकदाचं निदान होतं, माणूस जळगावला, नाशिकला किंवा मुंबई-पुण्याला जाऊन येतो आणि घरी येताना सोबत औषधांची कापडी पिशवी आणतो. त्या पिशवीत काय असतं? रक्त गोठू नये म्हणून ॲस्पिरिन. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन. नाडीचा वेग कमी ठेवणारी बीटा ब्लॉकर जातीची गोळी. रक्तवाहिन्या सैल करणारी अॅम्लोडिपिनसारखी एखादी. आणि नायट्रेट. यात नायट्रेटच्या दोन तऱ्हा असतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. एक तातडीची, दुखायला लागलं की जिभेखाली ठेवायची. आपल्याकडे ती बहुधा आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची ५ मिलिग्रॅमची गोळी असते, जिला सगळे जण 'सॉर्बिट्रेट' म्हणतात. दुसरी रोजची, पाण्याबरोबर गिळायची, हळूहळू विरघळणारी. पहिली गिळली तर ती उशिरा आणि कमी लागू पडते. दुसरी जिभेखाली धरून बसलं तर ऐन वेळी उपयोग नाही. दोन्ही पत्ते चंदेरी, दोन्हींवरची अक्षरं इंग्रजी आणि मुंगीएवढी. चिठ्ठीवर एकीपुढे १-०-१ आणि दुसरीपुढे तीन इंग्रजी अक्षरं : एस. ओ. एस. म्हणजे 'लागेल तेव्हा'. केव्हा लागेल, लागली तर किती, आणि लागू पडली नाही तर काय, हे त्या तीन अक्षरांत कुठे आहे?

ते असं असायला हवं. दुखायला लागलं की हातातलं काम सोडून बसा. उभ्याने गोळी घेऊ नका, कारण रक्तदाब उतरतो आणि चक्कर येऊन माणूस पडतो. गोळी जिभेखाली ठेवा, विरघळू द्या, वरून पाणी नको. घड्याळ बघा. पाच मिनिटांत दुखणं कमी झालं नाही किंवा वाढलं, तर जावयाला फोन नको, शेजारच्याची मोटरसायकल नको, सरळ १०८. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. ती येईपर्यंत दुसरी गोळी घ्यायची की नाही, हे आपल्या डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलेलं असायला हवं. डोकं ठणकलं तर घाबरू नका, डोक्यातल्या रक्तवाहिन्याही सैल झाल्या एवढाच त्याचा अर्थ. आणि पुरुषांच्या ताकदीची म्हणून जी गोळी चोरून आणली जाते, ती घेतली असेल तर नायट्रेटला हात लावू नका : सिल्डेनाफिल असेल तर निदान २४ तास, टॅडालाफिल असेल तर ४८ तास. दोन्ही एकत्र झाल्या तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जातो. अशा वेळी छातीत दुखलं तर थेट दवाखाना गाठायचा आणि तिथे ही गोळी घेतल्याचं न लाजता सांगायचं.

हे सगळं सांगायला पाच-सात मिनिटं लागतात. शेवटचं वाक्य बायको-मुलांसमोर विचारता येत नाही, त्यासाठी त्यांना दोन मिनिटं बाहेर पाठवावं लागतं. हे भान चिठ्ठीला नसतं, नर्सला असतं.

आता त्या रोजच्या नायट्रेटकडे. तिची गोष्ट फार जुनी आणि फार मजेशीर आहे. १८४७ साली इटलीतल्या तुरिनमध्ये आस्कानियो सोब्रेरोने नायट्रोग्लिसरीन बनवलं आणि ते जरासं जिभेला लावलं तर डोकं भयंकर दुखतं हेही नोंदवलं. त्याच नायट्रोग्लिसरीनपासून आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइट काढलं. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेलने ते अगदी पातळ करून आधी स्वतः चाखलं आणि मग अंजायनाच्या पेशंटना देऊन पाहिलं. म्हाताऱ्या नोबेललाच पुढे छातीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीन सांगितलं, आणि नशिबाच्या या थट्टेबद्दल त्याने १८९६ साली मित्राला पत्रातून लिहिलं. ते नेमकं काय करतं हे कळायला मात्र विसावं शतक सरत आलं. शरीरात त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि ते रक्तवाहिन्यांना सैल व्हायला सांगतं. नायट्रिक ऑक्साइडचं हे काम शोधणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. नोबेलच्याच नावाचं!

पण मला यातली आवडती माणसं म्हणजे स्फोटकांच्या कारखान्यातले कामगार. (वरणगावचा दारूगोळ्याचा कारखाना इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आम्हाला ही माणसं परकी वाटत नाहीत.) परदेशातल्या डायनामाइटच्या कारखान्यांत असं दिसायचं की सोमवारी कामावर आलं की कामगारांचं डोकं फुटायची वेळ. मंगळवार-बुधवारपर्यंत ते थांबायचं. रविवारी सुटी, आणि सोमवारी पुन्हा तेच. म्हणजे रोज नायट्रोग्लिसरीन अंगात जात राहिलं की शरीर त्याला सरावतं आणि दाद देईनासं होतं. दीड-दोन दिवस ते मिळालं नाही की सराव मोडतो आणि पुन्हा तडाखा बसतो. काही जण म्हणे रविवारी टोपीच्या पट्टीला थोडं नायट्रोग्लिसरीन लावून फिरायचे, सराव मोडू नये म्हणून. आणि वाईट म्हणजे, काहींना त्या सुटीच्या काळातच छातीत दुखायचं. सरावलेल्या रक्तवाहिन्यांचा आधार एकदम काढून घेतल्यासारखं.

कारखान्यातली ही गोष्ट पेशंटच्या गोळीलाही लागू आहे. नायट्रेट चोवीस तास अंगात राहिलं तर ते काम करेनासं होतं. म्हणून दिवसातले दहा-बारा तास त्याला सुटी द्यावी लागते, आणि ही सुटी शक्यतो झोपेच्या वेळी, हृदयावर ताण कमी असताना. साध्या आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटच्या दोन गोळ्या असतील तर त्या बारा-बारा तासांनी न देता साधारण सात तासांच्या अंतराने देण्याची पद्धत आहे, म्हणजे सकाळी आठ आणि दुपारी तीन. हळू विरघळणारी असेल तर बहुधा सकाळी एकच. आता १-०-१ वाचणारा माणूस काय करतो? सकाळी आठ आणि रात्री आठ किंवा नऊ. अगदी प्रामाणिकपणे, एकही दिवस न चुकता. आणि म्हणतो, महिनाभर बरं होतं, आता गोळी लागू पडत नाही.

आमच्या वसाहतीतल्या एका ऑपरेटरचं असंच झालं. मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयातून सगळे सोपस्कार करून आले होते. फाइल जाडजूड, तिच्यात अॅन्जिओग्राफीची सीडीसुद्धा. पुन्हा कामावर रुजू झाले, पाळ्या सुरू झाल्या. वहिनींनी गोळ्यांचा स्टीलचा डबा देवघराशेजारी ठेवला होता, दिव्याची वेळ ती गोळीची वेळ, म्हणजे चुकायला नको. निष्ठा वादातीत. तरी दादांना तिसऱ्या पाळीत जिना चढताना धरायला लागलं. सगळ्यांनी आपापली निदानं सांगितली : गॅस, जागरण, टेन्शन, पुन्हा ब्लॉकेज. मग त्यांची भाची आली, ती नर्स. तिने फाइल उघडलीच नाही. तिने विचारलं, "मामा, या आठवड्यात पाळी कोणती? झोपता किती वाजता? आणि यातली कुठली गोळी किती वाजता, मला घड्याळ सांगा." मामांनी घड्याळ सांगितलं. तिने एका कागदावर दिवसाची आडवी रेघ काढली, झोपेचा तुकडा रंगवला, गोळ्यांच्या जागी फुल्या मारल्या आणि म्हणाली, "हा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी बदलू नका, बंद करू नका, नुसता कागद दाखवा." डॉक्टरांनी कागद बघितला आणि पाळीप्रमाणे वेळा लावून दिल्या. नवीन औषध एकही नाही.

यात चमत्कार काही नाही आणि रुग्णालयाचे डॉक्टर वाईट होते असंही नाही. त्यांना पाळी माहीतच नव्हती. विचारायला वेळ नव्हता आणि चिठ्ठीवर ती लिहायला जागा नव्हती.

अशा गोष्टी सगळ्याच गोळ्यांच्या आहेत. बीटा ब्लॉकरने नाडी मंदावते, थकल्यासारखं वाटतं. माणूस कंटाळून ती एका दिवसात बंद करतो, आणि हृदय उसळी घेतं. ती एकदम कधीच थांबवायची नसते, हे वाक्य दहा वेळा सांगायचं वाक्य आहे. मधुमेह असेल तर साखर उतरल्यावर होणारी धडधड ती झाकून टाकते, म्हणजे धोक्याची घंटाच बंद. दमेकऱ्याने तर ती सुरू होण्याआधीच आपला दमा सांगायला हवा. अॅम्लोडिपिनने पायांच्या घोट्यांशी सूज येते, घरचे म्हणतात किडनी गेली. निकोरँडिलने तोंडात फोड येऊ शकतात, लोक महिनोन्महिने जीवनसत्त्वाच्या गोळ्या खातात. आयव्हाब्रॅडीनने कधी डोळ्यांपुढे उजेडाचे लखलखाट दिसतात, माणूस डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. स्टॅटिनने कोलेस्टेरॉल 'नॉर्मल' आलं की 'झालं काम' म्हणून ती बंद होते. आणि ती जिभेखालची गोळी! मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा ती शर्टाच्या खिशात घामात भिजते, स्कूटरच्या डिकीत शिजते, आणि दोन वर्षांनी लागते तेव्हा तिची तारीख उलटलेली असते.

वर शेजारधर्म आहेच. कुणाच्याही छातीत दुखलं की कुणीतरी आपली सॉर्बिट्रेट काढून त्याच्या तोंडात घालतं. मोबाइलवर फिरणारे निरोप तेच शिकवतात. ज्याचा रक्तदाब आधीच खाली आहे, किंवा ज्याच्या हृदयाच्या उजव्या भागाला झटका आलाय, त्याला ती गोळी पाडू शकते. भावना चांगली, गोळी दुसऱ्याची.

कुणी म्हणेल, हे सांगणं डॉक्टरांचं काम आहे. आहेच. फार्मासिस्टचंही आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत औषध देताना पेशंटला समजावून सांगणं हे त्यांच्या कामात लिहिलेलं आहे. दुकानाच्या काउंटरवर मागे सहा माणसं उभी असताना ते किती होतं, हे तुम्ही-आम्ही जाणतो. नर्सचं वेगळं आहे. पेशंट आणि त्याचं घर तिने चार दिवस पाहिलेलं असतं. याला वाचता येतं का, रात्री उठून कुठे जातो, गोळ्या बायको देते की सून, चोरून तंबाखू कोण आणून देतं, हे डॉक्टरांच्या फेरीत कळत नाही. शिवाय डॉक्टरांसमोर आपला माणूस सगळ्याला "हो साहेब" म्हणतो. सिस्टरला तो म्हणतो, "सिस्टर, काय सांगून गेले ते?" या एका प्रश्नात तिची नेमणूक झालेली आहे, फक्त ती कुठल्या कागदावर नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : तिला वेळ कुठे आहे? एका नर्सच्या वाट्याला किती खाटा येतात ते कुठल्याही वॉर्डात जाऊन मोजावं. त्यातून रजिस्टरं, इंजेक्शनं, नातेवाइकांची बोलणी. तिच्यावर आणखी एक काम टाकायचं आणि न झालं तर तिलाच धारेवर धरायचं, असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, घरी सोडायच्या दिवशी बिलाच्या खिडकीवर जेवढा वेळ जातो त्यातली पंधरा मिनिटं अधिकृतपणे तिच्या नावावर करा. त्या वेळात दुसरं काम नको. हातात मराठी कागद द्या, ज्यावर १-०-१ ऐवजी घड्याळ असेल, झोप-पाळी लिहायला जागा असेल आणि जिभेखालची गोळी वेगळ्या रंगात असेल. आणि शेवटी तिने "समजलं का?" असं विचारू नये. त्याला आपल्याकडे "हो" हे एकच उत्तर आहे. तिने म्हणावं, "आता तुम्ही मला सांगा, उद्या दुखलं तर काय काय कराल?" पेशंटने आणि घरच्या एकाने ते बोलून दाखवावं. अडखळले तर पुन्हा. आठवड्याने एक फोन.

तिसरी भीती अशी की नर्स डोस बदलायला लागेल. बदलू नये. त्या भाचीने तरी कुठे बदलला? तिने जे पाहिलं ते डॉक्टरांपर्यंत पोचवलं. तेवढ्यासाठीसुद्धा तिच्या शब्दाला वजन असावं लागतं. वेळा विचारणाऱ्या नर्सला "तुम्ही तुमचं काम करा" असं ऐकवलं गेलं, तर दुसऱ्या वेळी ती विचारणार नाही.

गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत आता समुदाय आरोग्य अधिकारी असतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी आणि जण नर्सिंग शिकून आलेले आहेत. रक्तदाब आणि साखर तर ते मोजतातच. त्यांच्या टेबलावर महिन्यातून एकदा गोळ्यांची पिशवी ओतायची सोय झाली, तर जळगाव-नाशिकच्या फाइलींमध्ये जे निसटतं त्यातलं निम्मं तिथे सापडेल, असं माझा अंदाज सांगतो.

तोवर आपल्या हातात एवढं आहे : घरी सोडताना गडबड करू नका. गाडी खाली उभी असली तरी उभी राहू द्या. सिस्टरना किंवा ब्रदरना म्हणा, "जरा बसता का, मला एकेक गोळी घड्याळाने सांगा." आपण कोणत्या पाळीत काम करतो, कधी जेवतो, कधी झोपतो, हे त्यांनी विचारलं नाही तर आपण सांगा. मी दोन-तीनदा माणसांना असं म्हणायला लावलंय. प्रत्येक वेळी त्या बाई आधी आश्चर्याने बघतात, मग पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसतात आणि खुर्ची ओढतात. हे काम त्यांना येत असतंच. कुणी मागत नाही, इतकंच.